पट्टीवरचं कुंकू

निर्मलाबाईंच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी कुंकू लागायचं आणि मगच ती कामाला लागायची. याला अपवाद नव्हता. मोटरपंपाला लागलं, मिक्सरला लागलं. मुलगा धनंजय लग्नाचे व्हिडिओ काढायला उडणारा कॅमेरा घेऊन आला, तेव्हा त्याच्या चारही पंख्यांना एकेक बोट लागलं. पुढच्या दोन वर्षांत तो कॅमेरा एकदाही झाडात अडकला नाही, हे निर्मलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कशामुळे अडकला नाही, ते वेगळं सांगायची गरज त्यांना वाटत नसे.

त्यामुळे मंगळवारी दुपारी पवनीच्या दुकानातून एक चपटी डबी कोंढ्याच्या त्यांच्या घरी आली, सून हर्षा ती कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवून ग्रामपंचायतीत गेली, तेव्हा पुढे काय होणार हे कुणीही सांगू शकलं असतं. हर्षानं जाताना बजावलंही होतं, "आई, त्याले हात नोका लावू. लय नाजूक रायते ते."

निर्मलाबाईंनी हात लावला नाही. बोट लावलं.

डबीत निघाली वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशी हिरवी पट्टी. तिच्यावर काळे चौकोन ओळीनं बसवलेले आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची बारीक रांग. कुंकू लावायचं कुठे, हा प्रश्नच आला नाही. काळ्यावर कुंकू कोण लावतं? सोनेरी कड जणू त्यासाठीच केली होती. पण कोरडं कुंकू त्या गुळगुळीत कडेवर ठरेना, म्हणून त्यांनी खोबरेल तेलात बोट बुडवलं, आधी हळदीचं लावलं, मग कुंकवाचं, आणि हात जोडले. हात जोडल्यावर त्यांना 'नाजूक' हा शब्द आठवला. त्यांनी घाईघाईनं पदराच्या टोकानं दोन्ही बाजू पुसल्या. लाल काही उरलं नाही. कड उलट पहिल्यापेक्षा जास्तच चकाकू लागली, आणि त्यांनी समाधानानं डबी बंद केली.

ही पट्टी कशासाठी आणली होती, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

निर्मलाबाईंचे यजमान इश्वरभाऊ यांचे डोळे काचबिंदूनं खाल्ले होते. डावा पुरता गेला होता. उजव्यात मधोमध एक गोल उरला होता. पाइपातून पाहिल्यासारखं तेवढ्यातून दिसायचं, बाजूचं सगळं गायब. तो गोल महिन्यागणिक लहान होत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, गेलं ते येत नाही, राहिलंय ते किती दिवस राहील ते सांगता येत नाही. इश्वरभाऊंनी ते ऐकून घेतलं आणि बसमध्ये परतताना फक्त एक गोष्ट मागितली. जुनं गाव एकदा पाहायचं आहे.

जुनं गाव वैनगंगेच्या काठी होतं. धरणाचं पाणी आलं आणि बारा वर्षांपूर्वी सगळ्यांना उठावं लागलं. दरवर्षी मे महिन्यात पाणी हटतं आणि घरांची जोती, शाळेची फरशी, हातपंपाचा ओटा असं काहीबाही उघडं पडतं. या वर्षी जरा जास्तच उघडं पडलं. पण चिखलात, दगडधोंड्यांत त्यांना चालवत नेणार कोण? मग धनंजयनं दोन सकाळी कॅमेरा उडवला आणि गावाचे वरून सहाशे चाळीस फोटो काढले.

फोटो इश्वरभाऊंना दाखवले. त्यांना काही कळेना. एका फोटोत कुणाच्या तरी जोत्याचा कोपरा, दुसऱ्यात नुसती माती. त्यांच्या गोलात एका वेळी मूठभर दिसायचं. फोटो बदलला की रस्ता तुटायचा. "मले मारुतीच्या पारापासून घरापावतर बोट न उचलता जाता आलं पायजे," ते म्हणाले होते. "मंग मी सांगतो, काय कुठी हाय ते."

हर्षानं हे मनावर घेतलं. लग्नाआधी तिनं पवनीला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, घराच्या पुढच्या खोलीत ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची आणि सातबारे काढून द्यायची. सगळे फोटो जोडून एकच मोठा फोटो करणारं सॉफ्टवेअर तिनं शोधून काढलं. फोटो एकमेकांना जोडले जायचे, आकडा चढत जायचा, आणि बासष्ट टक्क्यांवर आला की कॉम्प्युटर मेमरी कमी पडते म्हणून सांगायचा आणि सगळं बंद. चार वेळा बासष्ट. म्हणून ही मेमरीची दुसरी पट्टी. जुनी आठ जीबीची होती, नवी आठची, दोन्ही मिळून सोळा.

बुधवारी सकाळीच धनंजय साकोलीला एका लग्नाच्या कामावर निघून गेला. हर्षानं वायर काढली, कॉम्प्युटर आडवा केला आणि त्याचं झाकण उघडलं. निर्मलाबाई उंबऱ्याशी सुपात लाखोरीची डाळ घेऊन निवडायला बसल्या. आपण पूजा केलेली वस्तू कामाला लागताना पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. इश्वरभाऊ कूलरसमोर खुर्चीत बसून होते आणि कूलरमधलं पाणी टपटप गळत होतं.

हर्षानं पट्टी खाचेत दाबली, झाकण तसंच उघडं ठेवून कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला. तिनं कुठेतरी दाबून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" इश्वरभाऊंनी विचारलं.

"अजून आठच दाखवून राहिला, बाबा. नवीन दिसूनच नाई राहिली त्याले."

"त्याचेही डोळे गेले का?" असं म्हणून इश्वरभाऊ स्वतःच हसले.

तिनं बंद केलं, पट्टी काढली, पुन्हा दाबून बसवली. आठच. तिनं वायर काढून मिनिटभर वाट पाहिली, पुन्हा लावली. आठच. सुरू होताना एक निळं पान उघडतं, त्यात जाऊन तिनं सगळं वाचून काढलं, तिथंही दुसऱ्या खाचेपुढे रिकामं लिहिलेलं. पट्टी आहे, डोळ्यांना दिसते आहे, हाताला लागते आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो जागा रिकामी. निर्मलाबाईंचा हात सुपातल्या डाळीवर थांबला. त्यांना आतून काहीतरी टोचलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं. कुंकवानं कधी कुणाचं वाईट झालं आहे?

ऊन अंगणात पांढरं झालं होतं. कूलरचा वारा वाळ्याचा वास घेऊन यायचा आणि जायचा. निर्मलाबाईंचे डोळे मिटले नव्हते आणि पुरते उघडेही नव्हते. सुपातली डाळ मागेपुढे सरकत होती आणि त्या जुन्या गावच्या गल्लीतून चालत होत्या. पायाला माती गार लागत होती. मारुतीच्या पाराला वळसा घालून, शेजारच्या आनंदरावांच्या दारावरून, आपल्या घराच्या मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात. तिथं जमिनीत पुरलेलं त्यांचं उखळ होतं, काळ्या दगडाचं. सासूनं त्यांच्या हाती दिलेलं. गाव सोडायच्या आठवड्यात त्या इश्वरभाऊंना रोज म्हणत होत्या, उखळ खणून घ्या, उखळ खणून घ्या. ते म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेआधी पाणी आलं. निघताना निर्मलाबाईंनी त्या उखळाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि मागे न पाहता ट्रॅक्टरवर बसल्या होत्या. तेव्हापासून लोखंडी खलबत्त्यात मिरची कुटताना त्या प्रत्येक वेळी म्हणत, "मायं उखळ गेलं वाहून. कोनाच्या आळसापायी, ते कोनी विचारू नये." बारा वर्षांत इश्वरभाऊंनी यावर एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

तेवढ्यात टूं टूं टूं असा आवाज झाला आणि त्या दचकल्या. गल्ली नाहीशी झाली.

"जुनी काढून नवीन एकटीच लावली," हर्षा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "चालूच नाई होत. नुसता बोंबलून राहिला." मग तिनं जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. कॉम्प्युटर निमूट चालू झाला. "म्हंजे खाच बराबर हाय. जुनी बराबर हाय. नवीनच खराब निघाली."

तिनं दुकानदार निकेशला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. निकेशचा आवाज सगळ्या खोलीत आला.

"वहिनी, तुमची मशीन लय जुनी हाय ना. जुना बोर्ड कधीकधी नवीन पट्टी घेतच नाई. परत पाठवा. दुसऱ्या कंपनीची मागवतो."

"किती दिवस लागन?"

"पंधरा-वीस दिवस धरा. पन ते तरी घेईनच, अशी ग्यारंटी नाई देत मी. मी त म्हनतो हे सोडा आनं सरळ नवीन मशीनच घ्या."

हर्षानं फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकली. नवी मशीन या वर्षी येणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

"बाबा, थांबा लागते थोडे दिवस," ती म्हणाली.

"थांबतो ना. मले कुठी जाचं हाय?" इश्वरभाऊ उठले. पाणी प्यायला आतल्या खोलीत निघाले होते. दारापाशी त्यांनी चौकटीसाठी हात पुढे केला. हात रिकाम्या जागी पडला. त्यांनी पुन्हा चाचपलं, पुन्हा हुकलं, तिसऱ्यांदा लाकूड हाताला लागलं. मागच्या आठवड्यात पहिल्याच खेपेला लागायचं. निर्मलाबाईंनी ते पाहिलं.

आता गप्प राहणं किती सोपं होतं! पट्टी दुकानात परत जाईल, दोष कुठल्यातरी कंपनीच्या माथी बसेल, कुंकवाचं नाव कुणी काढणार नाही. सुनेसमोर मान खाली घालावी लागणार नाही. आणि निर्मलाबाईंना सुनेसमोर मान खाली घालायची सवय नव्हती, हे गावाला माहीत होतं. पण वीस दिवसांनी तो हात चौकटीपर्यंत किती वेळा हुकेल?

"हर्षा," त्या म्हणाल्या, "त्याले म्या कुंकू लावलं."

"कायले?"

"त्या पट्टीले. काल. तू पंचायतीत गेली होती तवा."

हर्षा खुर्चीतून उठली. "कुठी लावलं?"

"सोन्यावर."

"त्या दातांवर? आई, तिथूनच त सगळं जाते येते!"

"मले काय मालूम? चांगलं दिसलं म्हून लावलं. मंग पुसलं ना पदरानं."

"नुसतं कुंकू?"

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं. सांगायचं तर पुरतं सांगावं. "हळद बी. आनं खोबरेल तेल."

हर्षानं पट्टी उचलली आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात तिरपी धरली. बारीक सोनेरी दातांवर तेलाचा थर पसरला होता, आणि दातांमधल्या फटींत एक तांबूस रेघ बसली होती. "सकाळपासून मी डोकं फोडून राहिली!" तिचा आवाज चढला. "चार वेळा खोलली, चार वेळा बसवली! मी सांगून गेली होती ना तुमाले, हात लावू नोका म्हून?"

"सांगतलं होतं," निर्मलाबाई म्हणाल्या. बाजू मांडायला त्यांच्याकडे काही नव्हतं आणि त्यांनी ती मांडलीही नाही. सासूचं हे असं निमूट बसणं हर्षाला नवीन होतं. तिचा राग पुढे कुठे जावा, ते त्याचं त्यालाच कळेना, आणि तो तिथंच विरला.

तिनं फॉर्मच्या टेबलाचा खण ओढला. पेन, शाईचा पॅड, टाचण्या, आणि एक पांढरा खोडरबर. पट्टी कागदावर ठेवून ती त्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवू लागली, हलके, एकाच दिशेनं. रबराचे कण गुलाबी होऊन पडू लागले. एक बाजू झाली, दुसरी झाली. दोन्ही खाचाही तिनं रंगाच्या कोरड्या ब्रशानं झाडून घेतल्या. निर्मलाबाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हात धुवा," हर्षा म्हणाली.

"कायले?"

"धुवा त. साबणानं. आनं कोरडे करा."

त्या हात धुऊन आल्या. हर्षानं पट्टी खाचेत उभी ठेवली आणि बाजूला सरकली. "आता तुमीच बसवा. दोन्ही टोकाले अंगठे ठेवा आनं बराबर दाबा. टक आवाज आला पायजे."

निर्मलाबाईंना वाटलं, ही थट्टा करते आहे. पण ती थट्टा करत नव्हती. त्यांनी साऱ्या जन्मात भाताच्या लोंब्या झोडपल्या होत्या, उखळात मुसळ चालवलं होतं, त्या अंगठ्यांत जोर होता. त्यांनी दाबलं. एकीकडून टक झालं, दुसरीकडून टक झालं.

पडदा उजळला. हर्षा वाकली. "सोळा," ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत जाईल असं, "बाबा, सोळा झाले!"

फोटो जोडायला लावले तेव्हा साडेबारा वाजले होते. आकडा एकेक करत चढू लागला. जेवणं झाली, भांडी झाली. इश्वरभाऊ खुर्चीतच डुलकू लागले. पडद्यावर गावाचे तुकडे एकमेकांकडे सरकत होते, एक जोतं दुसऱ्या जोत्याला भेटत होतं, मध्ये गल्ली तयार होत होती. निर्मलाबाई जमिनीवर पदर पसरून आडव्या झाल्या आणि तिथूनच ते पाहत राहिल्या. एकसष्ट. बासष्ट. आकडा बासष्टवर बराच वेळ बसला, आणि मग त्रेसष्ट झाला. त्यानंतर त्यांना झोपेत आणि जागेपणात फरक राहिला नाही. पाणी हळूहळू मागे सरत होतं, गाव वर येत होतं, कुणी घाई करत नव्हतं. घराघरांतून माणसं बाहेर येऊन आपापलं अंगण झाडत होती आणि धूळ उडत नव्हती.

"आई, उठा. झालं," हर्षा म्हणाली. चहाची वेळ झाली होती.

इश्वरभाऊंची खुर्ची पडद्याजवळ सरकवली. ते इतके पुढे वाकले की नाक काचेला टेकेल की काय असं वाटावं. हर्षानं फोटो मोठा केला आणि मारुतीचा पार त्यांच्या गोलात आणून ठेवला.

"हा पार," ते म्हणाले. त्यांचं बोट काचेवर टेकलं आणि चालू लागलं. बोट जाईल तसा हर्षा फोटो सरकवत होती. "हा हातपंप. हे शाळा. हे आनंदरावचं घर, त्याच्या दारात दोन पायऱ्या होत्या, हे पाय, हायेत." आवाज बदलत गेला. म्हातारपण त्यातून निघून गेलं. बोट आपल्या घराच्या जोत्यापाशी आलं. निर्मलाबाईंना वाटलं, आता ते थांबतील. याच घरात ते जन्मले होते, याच ओसरीवर त्यांच्या बापानं देह ठेवला होता. पण बोट थांबलं नाही. पुढच्या दारातून शिरलं, ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं आणि मागच्या सांदवाडीत जाऊन टेकलं.

"हे मोठं कर, हर्षा."

हर्षानं मोठं केलं. करड्या मातीत एक काळं कडं होतं, गोल, आणि आत निळं काहीतरी. उखळात पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ पडलं होतं.

"हाय," इश्वरभाऊ म्हणाले. "जाग्यावर हाय. पाय व, निर्मला. बारा वर्सं झाले, म्हनते वाहून गेलं. दगड का वाहून जाते?"

निर्मलाबाई म्हणाल्या, "तुमी घर नाई पायलं जी?"

"घर मले डोळे मिटूनही दिसते," ते म्हणाले. "तुयं उखळ हाय का नाई, ते मले मालूम नोतं."

निर्मलाबाईंना रडू आलं. बारा वर्षं आपण ज्याला टोचत राहिलो, तो ते टोचणं सांभाळून बसला होता, आणि डोळ्यांत उरलेला तेवढा उजेड त्यानं त्या उखळावर खर्च केला होता. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्या माणसाची इतकी माया आली की खोलीत कुठे उभं राहावं ते कळेना. त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि कुंकवाची डबी घेऊन परत आल्या. मग सुनेकडे पाहून थबकल्या.

"लावू का?"

हर्षानं डबीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "लावा," ती म्हणाली. "काचेले काही होत नाई. फक्त तेल नोका आनू."

कोरडं कुंकू काचेवर धरेना. निर्मलाबाईंनी त्याच हातानं डोळे पुसले आणि ओलं बोट पुन्हा डबीत बुडवलं. मग ते काचेवर, त्या काळ्या कड्याच्या रोखानं नेलं. त्यांच्याही डोळ्यांपुढे सगळं पाण्यानं हलत होतं.

इश्वरभाऊ काचेजवळून हलले नव्हते. त्यांच्या गोलात बायकोचं बोट आलं होतं.

"थोडं डाव्या बाजूले," ते म्हणाले. "अजून थोडं. हं, आता बराबर."